वसंत, टेकडी आणि भुईरिंगणीपुढे पालथा पडलेला मी

टेकडीकर | १८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

दरवर्षी फेब्रुवारी लागला की माझं एक काम ठरलेलं असतं. टेकडीवर जायचं, पळसाचे शंभरेक फोटो काढायचे, घरी येऊन ते मोठ्या पडद्यावर बघायचे आणि नव्वद उडवायचे. उरलेल्या दहांत पळस असतो, पण नुसता शेंदरी गोळा. पाकळीवरची लव दिसत नाही, पोपटाच्या चोचीसारखा बाक दिसत नाही. कुणीतरी शेंदराचं बोट कागदाला पुसावं तसं काहीतरी येतं. तरी मी ते घरच्या ग्रुपवर टाकतो आणि सगळे अंगठे दाखवतात.

यंदा गुडघ्यानं दगा दिला. डॉक्टरांनी गड-किल्ले बंद केले, सपाटीवर चाला म्हणाले. मी टेकडीला सपाटी समजतो, बायको समजत नाही, पण तो विषय वेगळा. तर एका सकाळी पळसाखाली ऊन यायची वाट बघत दगडावर बसलो होतो. बुटाशेजारी एक जांभळं फूल दिसलं. भुईरिंगणी. लहानपणापासून हिची आणि माझी ओळख एवढीच की ही चपलेतून आरपार जाते. पानांवर काटे, देठावर काटे, जमिनीलगत पसरलेली. हिच्याकडे फूल म्हणून कधी बघितलंच नव्हतं.

मोबाइल काढला. मोबाइलला फूल दिसेना, तो मागच्या मुरमावर फोकस करून मोकळा. वाकलो, जमलं नाही. गुडघा टेकला, बोंब मारली. शेवटी सरळ पालथा पडलो. जाणारे-येणारे "काका, बरं वाटत नाहीये का?" विचारून गेले.

आणि मग भुंगा आला. मोठा, काळाकुळकुळीत. येताना त्याचा नेहमीचा आवाज, घूंऽऽ. फुलाच्या मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो, त्याला त्यानं सहा पायांनी मिठी मारली, फूल त्याच्या वजनानं खाली वाकलं, आणि आवाज एकदम बदलला. वरच्या पट्टीत, बारीक, दाताच्या डॉक्टरकडच्या यंत्रासारखा. दोन सेकंद. सोडलं. पुन्हा मिठी, पुन्हा तोच सूर. मी फोटो काढायचा विसरलो.

घरी येऊन वाचलं. या फुलात मध नसतो, परागच काय ते. आणि परागकोश उभे फाटत नाहीत, टोकाला बारीक भोक असतं, मिठाच्या बाटलीसारखं. बाटली हलवल्याशिवाय मीठ पडत नाही. भुंगा पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि त्या कंपनानं पराग त्याच्या पोटावर सांडतात. आपल्या साध्या मधमाशीला ही कला येत नाही. टोमॅटो, वांगं यांच्या फुलांचीही हीच तऱ्हा. म्हणजे जन्मभर भरली वांगी खाल्ली आणि ती या थरथरीवर चालतात हे साठी उलटल्यावर कळलं.

त्यानंतर सलग अकरा दिवस त्याच झुडपाशी जातोय. फोटो तीनशे चाळीस. बरा म्हणावा असा एक. पण आता सव्वासातला त्या मुरमावर ऊन कुठल्या बाजूनं सरकतं ते पाठ झालंय, भुंगा साधारण साडेसातला येतो हेही.

तुम्हीही तुमच्याकडची वसंतातली रानफुलं टाका. आणि फोटो काढता काढता त्या फुलानं तुम्हाला काही शिकवलं असेल तर तेही लिहा.

फोटो १: पळस (शेंदरी गोळा)
फोटो २: भुईरिंगणी
फोटो ३: भुईरिंगणी आणि भुंगा (हाच तो बरा)
फोटो ४: पायथ्याची गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं. आपल्याकडचं चेरी ब्लॉसम! नाव माहीत असल्यास सांगा.

गोदाकाठची | १८ फेब्रुवारी, रात्री १०:०५

मस्त लिहिलंय काका. पण फोटो ३ दिसत नाहीये.

टेकडीकर | १८ फेब्रुवारी, रात्री १०:३१

आता बघा.

गोदाकाठची | १८ फेब्रुवारी, रात्री १०:३३

नाही. १, २, ४ दिसतात.

अर्धपारदर्शक | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:१२

छान धागा, वाखु (वाचनखूण) साठवली.

पळसाचा शेंदरी गोळा का होतो ते सांगतो, कारण या रोगानं मीही पाच वर्षं आजारी होतो. कॅमेरा चित्रातला एकूण उजेड मोजतो. पळसात लाल इतका जास्त असतो की एकूण उजेड ठीक दिसत असतानाच लाल रंगाची वाटी भरून वाहायला लागलेली असते. वाटी भरली की त्यापुढचे बारकावे गेले. पाकळीची लव, शिरा, सावली, सगळं एकाच लालात बुडतं. नंतर संगणकावर कितीही खटपट करा, जे टिपलंच गेलं नाही ते येणार कुठून? पांगारा आणि काटेसावर यांचंही तेच.

उपाय: एक्स्पोजर मुद्दाम कमी ठेवा, उणे एकपर्यंत न घाबरता जा. पडद्यावर चित्र काळपट वाटेल, वाटू द्या. कॅमेऱ्यात तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) दिसत असेल तर फक्त लालाकडे बघा. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं काटछाट न केलेल्या मूळ फाइलमध्ये काढा. आणि दुपारच्या उन्हात पळस काढू नका हो. ऊन तिरपं, बाजूनं पडणारं हवं, म्हणजे पाकळीवरची चंदेरी लव उठून दिसते आणि देठाकडची ती काळपट तपकिरी मखमलही. त्या काळ्या मखमलीशिवाय पळस पळस वाटत नाही, असं माझं मत.

मोबाइल मुरमावर फोकस करतो त्यावर गावठी इलाज: फुलाच्या अगदी मागे तळहात धरा. मोबाइलला हात दिसतो, तो तिथं फोकस करतो. पडद्यावर बोट दाबून फोकस कुलूपबंद करा आणि हात काढून घ्या. भुईरिंगणीमागे हात घालताना मात्र तुमचं तुम्ही बघा.

वाऱ्यावर इलाज नाही. वारा थांबतो, आपण थांबायचं.

वेलीबुंधा | १९ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

फोटो ४ मधलं झाड गिरिपुष्प आहे. उंदीरमारी असंही म्हणतात. चेरीशी त्याचा काडीचा संबंध नाही, ते शेंगांच्या कुळातलं, म्हणजे नात्यानं पळसाच्या जवळचं. मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. भराभर वाढतं, गुरं फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून सामाजिक वनीकरणात टेकड्यांवर मुबलक लावलं गेलं. दरवर्षी या दिवसांत "पुण्यातलं चेरी ब्लॉसम" म्हणून याचे फोटो फिरतात. मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर जी गुलाबी झाडं बघायला लोक गाड्या थांबवतात, ती टॅबेबुइया. तीही अमेरिका खंडातूनच आलेली. दिसायला सुंदर आहेत, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण गिरिपुष्पाच्या दाट लागवडीखाली बसून बघा काय काय उगवलंय ते. माझ्या वहीतली यादी दोन ओळींत संपली होती.

टेकडीवर आत्तापासून उन्हाळ्यापर्यंत बघण्यासारखं आणखी: गणेर (पिवळीधमक फुलं, अंगावर एक पान नाही), मेडशिंगी, आणि गेळा. गेळ्याचं फूल पहिल्या दिवशी पांढरं असतं, मग पिवळं पडतं. एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात, लोकांना दोन जातींची फुलं वाटतात. त्याच फुलाचा रोज एक फोटो काढा, मजा येईल. गुडघ्याला त्रास नाही, गेळा उभ्यानं काढता येतो.

टेकडीकर | १९ फेब्रुवारी, दुपारी १:०२

वेलीबुंधा, धन्यवाद आणि अरेरे. मी चेरी ब्लॉसम म्हणून शाळेच्या ग्रुपवर टाकून बसलोय. आता दुरुस्ती टाकली तर गुरुजींची आठवण काढतील.

निर्मोही | १९ फेब्रुवारी, रात्री ११:४८

लेख आवडला, शेवटची ओळ सोडून.

फुलं काहीही शिकवत नाहीत. भुईरिंगणीला तुमच्याशी, माझ्याशी, मानवजातीशी काही देणंघेणं नाही. तिला भुंग्याशी आहे. सकाळी सहाला मोबाइल उघडला की कुणीतरी कमळ पाठवून "चिखलात राहूनही" वगैरे ऐकवतंच. कमळाला चिखल आवडतो हो! तिथंच ते वाढतं. त्याच्यासाठी ते संकट नाही, घर आहे. आपल्याला जे आधीच म्हणायचं असतं ते आपण फुलाच्या तोंडी घालतो आणि वर त्याचे आभार मानतो.

अवांतर: पंचांगानुसार अजून शिशिर चालू आहे. वसंत म्हणजे चैत्र-वैशाख.

(दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

गोदाकाठची | २० फेब्रुवारी, सकाळी ७:३०

पण वसंत पंचमी तर माघातच येते ना?

निर्मोही | २० फेब्रुवारी, सकाळी ९:१५

येते. ते पंचांगाला विचारा.

टेकडीकर | २० फेब्रुवारी, सकाळी १०:४०

निर्मोही, दिवे घेतले. तुमचं निम्मं मान्य. मी लिहिलेलं पुन्हा वाचलं तर भुईरिंगणीनं मला शिकवलं असं काही नाहीच त्यात. भुंग्याला कसं थरथरायचं ते येतं, ते त्याला तिनं शिकवलं की त्याच्या आईनं, देव जाणे. मी मध्ये पालथा पडून होतो एवढंच. पण पालथा पडलो नसतो तर कळलं नसतं, आणि पडलो ते फोटोसाठी. याला काय म्हणायचं ते तुम्ही सुचवा.

निर्मोही | २० फेब्रुवारी, सकाळी ११:०९

गुडघेदुखी.

मोहटोपली | २० फेब्रुवारी, रात्री ९:२६

चंद्रपूरकडून लिहितो. धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या इकडे आता मोहाची पानं गळून चाललीत. मार्चात फुलं लागतील. फोटोवाले मित्र येतात नागपूर-पुण्याहून, म्हणतात मोहाच्या फुलाचा झाडावरचा फोटो पाहिजे. मी म्हणतो झाडावर तुम्हाला फूल दिसणारच कमी. फांदीच्या टोकाला तपकिरी मखमली कळ्यांचा झुबका दिसतो, त्यातून बारीक दोरीसारखा तंतू लोंबतो. फूल उमललं की रात्रीतून त्याचा गरदार भाग सुटून खाली पडतो. पहाटे झाडाखाली उभे राहा, टप टप आवाज येतो. पिवळसर पांढरी, रसानं फुगलेली, जरा द्राक्षासारखी. वास दुरून गोड, जवळून उग्र.

माझी आई आणि मोठी आई पहाटे चारला टोपल्या घेऊन निघायच्या. कारण उजाडलं की गुरं, हरणं येतात आणि अंधारात अस्वल आलेलं असतं. अस्वलाला मोह आपल्याइतकाच आवडतो. आम्ही पोरं मागून, झोपेत. फूल वेचायचं, अंगणात वाळवायचं. वाळलं की मनुक्यासारखं होतं. भाकरीत, लाडवात, उकडून, आणि बाकी उपयोग तुम्हाला माहीत आहेतच बाप्पा. ज्या महिन्यात शेतात काही नसतं त्या महिन्यात हे घर चालवतं. म्हणून कुणी मला मोहाचं फूल सुंदर आहे का विचारलं तर मला उत्तर येत नाही. तसं बघितलंच नाही कधी. मागच्या वर्षी पहिल्यांदा पोरीनं मोबाइलवर जवळून फोटो काढला एका पडलेल्या फुलाचा, आतून कसं दिसतं ते. आईला दाखवला. ती म्हणाली, हे कुठलं? मी म्हटलं, आई, हा मोह. विश्वास बसेना तिचा. सत्तर वर्षं वेचलं तिनं ते.

एक वाईटही सांगून टाकतो. झाडाखाली पाचोळा असला की फूल दिसत नाही, म्हणून काही लोक पाचोळा जाळतात. तो विस्तव पुढे जंगलात जातो. आता काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात, फूल जाळीत पडतं, स्वच्छ मिळतं. पण सगळ्यांकडे नाही.

सुरंगीची कळी | २१ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

मोहटोपली, तुमच्या आईचं वाचून आमच्या घरचीच गोष्ट वाटली. मी वेंगुर्ल्याची, आता ठाण्याला.

आमच्या परसात सुरंगी. फुलं पानांच्या बगलेत नाहीत, जाड लाकडी फांदीलाच चिकटून गुच्छाने येतात, पांढरी, मधे पिवळ्या केसरांचा गोंडा. पण गजऱ्याला फूल चालत नाही, कळी लागते, उमलायच्या आधीची. एकदा उमललं की पाकळ्या राहत नाहीत. त्यामुळे सकाळची घाई. कुणी शिडी लावून चढतं, खाली जुनी साडी पसरलेली. मधमाश्यांचा असा काही नाद चाललेला असतो की झाडाच्या आत कुणी तंबोरा लावून ठेवलाय.

मुंबईचा भाचा मोठा कॅमेरा घेऊन आला होता. आईला म्हणाला, आजी, ही एक फांदी तोडू नकोस, उद्या उमललेली मला फोटोला हवी. आई म्हणाली, "आणि त्या खांदयेचे पैशे कोण देतलो?" शेवटी ठेवली फांदी. त्यानं सुंदर फोटो काढले, मोठा करून फ्रेम पण दिली. ती फ्रेम ठाण्याच्या घरात भिंतीवर आहे. येणारे विचारतात, कसलं फूल? मी सांगते सुरंगी. मग ते जवळ जाऊन वाकून बघतात आणि मला दर वेळी वाटतं की हे वास घेतायत. फोटोत वास नाही हे मला अजून पचत नाही. जुन्या ट्रंकेत एक सुकलेला वळेसर (सुरंगीचा गजरा) आहे, तपकिरी झालाय, दिसायला काही नाही. त्याला मात्र अजून आहे.

अर्धपारदर्शक | २१ फेब्रुवारी, सकाळी १०:१८

सुरंगीची कळी, तो फ्रेमवाला फोटो टाका ना.

सुरंगीची कळी | २१ फेब्रुवारी, दुपारी ४:४४

काच आहे, ट्यूबलाइट दिसते त्यात. बघते.

मधुमालती ओहायो | २२ फेब्रुवारी, पहाटे ५:१०

इथे अजून बर्फ आहे, म्हणून तुमचा धागा शेकोटीसारखा वाचतेय.

आमच्याकडचा वसंत साधारण एप्रिलमध्ये येतो, आणि तो वर नाही, खाली येतो. इथल्या जंगलात मेपल, बीच, ओक यांना पानं फुटायच्या आधी काही आठवडे जमिनीपर्यंत ऊन पोचतं. तेवढ्या फटीत जमिनीवरची रानफुलं उगवतात, फुलतात, बी धरतात. मेमध्ये वर पानांचं छत मिटलं की यातली बरीचशी पानांसकट गुडूप होतात, पुढच्या वसंतापर्यंत जमिनीखाली. तुमच्याकडे झाडं स्वतःची पानं टाकून फुलतात, इथे जमीन झाडांच्या पानांआधी घाई करून फुलते. निष्पर्ण दिवसांचा फायदा दोघांनीही उचललाय.

माझं आवडतं म्हणजे ट्रिलियम, ओहायोचं राज्य रानफूल. तीन पानं, तीन पाकळ्या. पांढरं शुभ्र फुलतं, म्हातारं होताना गुलाबी होतं (गेळ्याचं वाचून हसू आलं). पहिल्या वर्षी इथे आले तेव्हा फोटोत ते तीन पानांचं प्रकरण बघून आईला फोनवर म्हटलं, कुठेही जा, पळसाला पाने तीनच! ती म्हणाली, तू तिथे पळस शोधू नकोस, अभ्यास कर.

ट्रिलियमचं बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं सहज लागतात, कधी जास्तच. बी पसरवतात मुंग्या. बीला तेलकट खाऊचा एक तुकडा चिकटलेला असतो, मुंगी तो बियासकट वारुळात नेते, खाऊ खाते, बी बाहेर टाकते. फूल खुडताना तीन पानंही बरोबर येतात, आणि पानं गेली की झाडाला कंदात साठवायला अन्न नाही. म्हणून एक फूल खुडलं की ते रोप कित्येक वर्षं मागे जातं, मरतंही. हे मला माहीत नव्हतं तेव्हा पहिल्या वसंतात एक खुडून पुस्तकात ठेवलं होतं. पुस्तक अजून आहे. उघडत नाही.

निर्मोहींना: मला फुलानं काही शिकवलं नाही हे खरं. माहितीच्या पाटीनं शिकवलं.

निर्मोही | २२ फेब्रुवारी, सकाळी ८:०२

धन्यवाद. एवढंच म्हणायचं होतं.

भटकभवानी | २३ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

टेकडीकर, नक्की कुठली टेकडी? रविवारी ग्रुप घेऊन यायचा विचार आहे, तीस-पस्तीस जण आहोत. लोकेशन टाका प्लीज.

वेलीबुंधा | २३ फेब्रुवारी, सकाळी ९:५१

कृपया टाकू नका.

भटकभवानी, तुमच्यावर राग नाही. पण पस्तीस जणांना भुईरिंगणी बघायला पस्तीस जणांचे बूट येतात, म्हणजे सत्तर. कासला शेवटी आधी नोंदणी आणि माणसांच्या संख्येवर मर्यादा आणावी लागली, ती उगीच नाही. झुडूप काटेरी असलं तरी आजूबाजूचं गवत काटेरी नसतं. रच्याकने (जाता जाता), मोबाइलच्या फोटोत ठिकाणाची नोंद आपोआप बसते. व्हॉट्सॲपवर फोटो साधा पाठवला तर ती गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच जाते. आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींचं संकेतस्थळ) ठिकाण धूसर ठेवायची सोय आहे, ती वापरा. विशेषतः ऑर्किड, कंदवर्गीय, कुठलीही उपटून नेता येण्यासारखी गोष्ट असेल तर.

मधुमालती ओहायो | २३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२७

+१. कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये २०१९ साली केशरी पॉपींचा महापूर आला तेव्हा फोटोंसाठी एवढी गर्दी लोटली की वाहतूक कोलमडली, फुलांमध्ये लोळून फोटो काढून झाले. २०२३ मध्ये पुन्हा बहर आला तेव्हा तिथल्या शहरानं तो रस्ताच बंद ठेवला.

भटकभवानी | २३ फेब्रुवारी, रात्री ८:४०

बरं बाबांनो, नाही येत. एवढं काय. पण मग शहरातल्या पोरांनी फुलं बघायची कुठे? सगळं जाणकारांनीच लपवून ठेवायचं का?

वेलीबुंधा | २३ फेब्रुवारी, रात्री ९:३३

प्रश्न रास्त आहे. पाच-सहा जण या, पळस आणि पांगाऱ्याखाली बसू. दुर्बीण आणा. पांगाऱ्यावर तासाभरात बुलबुल, शिंजीर, साळुंक्या, कोतवाल, खारी असे किती गिऱ्हाईक येतात ते मोजा. लाल रंग, वास जवळजवळ नाही, भरपूर पातळ मध: ही दुकानं मुख्यतः पक्ष्यांसाठी थाटलेली. भोरड्यांचा थवा सापडला तर नशीब. त्यांना पळसमैना उगीच म्हणत नाहीत. हिवाळ्याच्या पाहुण्या त्या, या मधावर पोट भरतात आणि मार्च-एप्रिलात मध्य आशियाकडे पिल्लं काढायला निघून जातात. पळस संपता संपता त्याही संपतात. कपाळाला पराग लागलेली भोरडी दिसली तर फोटो काढा आणि मला पाठवा. माझ्याकडे नाही.

टेकडीकर | १४ मार्च, दुपारी १२:१५

धागा वर काढतोय, बातमी चांगली नाही.

परवा रात्री टेकडीच्या पश्चिम अंगाला वणवा लागला. कुणी लावला, बिडी की मुद्दाम, कळलं नाही. सकाळी गेलो तर निम्मा उतार काळा. गवत होतं तिथे राखेचे पट्टे, वाऱ्यावर उडतायत. पांगारा एका बाजूनं होरपळलाय, त्याची फुलं अजून फांदीवर आहेत, पण शिजल्यासारखी. गेळा, ज्याचा मी रोज फोटो काढत होतो, सातव्या दिवसाला थांबला. पळसाचा बुंधा काळा झालाय. वर तीन-चार झुबके तसेच शेंदरी. ते बघून मला आनंद झाला नाही, उलट विचित्र वाटलं. फोटो काढला. आयुष्यात पहिल्यांदा पळसाची लव फोटोत आली, कारण धुरानं ऊन मऊ झालं होतं. तो फोटो इथे टाकत नाही.

भुईरिंगणी आहे. मुरमावर होती म्हणून. तिच्या आजूबाजूला जळायला काही नव्हतंच. काळ्या उतारात तेवढा एक तांबडा तुकडा आणि त्यावर ती. पण भुंगा आला नाही. काल नाही, आज नाही. वाळक्या लाकडात भोक पाडून राहतो म्हणे, ते लाकूड कुठलं होतं देव जाणे.

मोहटोपली | १४ मार्च, रात्री ८:५०

वाईट वाटलं काका. पळसाची काळजी नका करू, त्याची साल जाड असते, मुळातून पुन्हा फुटतो. आमच्याकडे दर दोन वर्षांनी जळतो आणि उभा राहतो. कुंभाही तसाच चिवट. जुन्या काळी तोड्याच्या बंदुकीची वात कुंभ्याच्या सालीची करत, ती हळूहळू धुमसते म्हणून. रोपांचं मात्र खरं नाही. दोन-तीन वर्षांची रोपं जातात, ती कुणाच्या फोटोत नसतात म्हणून कळत नाही. तुमच्याकडे जाळरेषा (वणवा अडवायला आधीच साफ केलेला पट्टा) काढतात का उन्हाळ्याआधी?

टेकडीकर | १४ मार्च, रात्री ९:१८

काढतात म्हणे. यंदा मला दिसली नाही. पुढच्या जानेवारीत विचारायला जाणार आहे, पाच जण तयार आहेत, भटकभवानींच्या ग्रुपातले तीन धरून.

वेलीबुंधा | १५ मार्च, सकाळी ७:०५

जळालेल्या भागात आत्ता चालू नका, राखेखाली फुटवे असतात. एप्रिल-मेत सावरीचा कापूस उडेल, पळसाच्या शेंगा सुटतील, टोकाला एकच बी घेऊन वाऱ्यावर भिरभिरत जातात. पहिला पाऊस पडला की त्या राखेत काय उगवतं ते टिपा. त्याचेच फोटो कुणी काढत नाही.

टेकडीकर | २१ मार्च, सकाळी ९:१०

आज आला. ७:४२. एकच होता, आणि तोच होता की दुसरा ते सांगता येणार नाही. तीन फुलं केली आणि गेला. फोटो हललाय, आवाज मात्र नीट रेकॉर्ड झालाय.

निर्मोही | २१ मार्च, सकाळी ९:२६

मी पुण्यातच असतो. रविवारी सकाळी मोकळा आहे. शिकायला वगैरे नाही, आवाज ऐकायला. किती वाजता यायचं?

टेकडीकर | २१ मार्च, सकाळी ९:३१

सव्वासात. जुनी चटई आणा, काटे आहेत. ठिकाण खासगी निरोपात कळवतो.

गोदाकाठची | २१ मार्च, सकाळी ९:४०

काका, फोटो ३ अजूनही दिसत नाहीये.